भिंतीवर सरळ उभी

१

अंधार काळा असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी बाळंतिणीच्या खोलीत चार दिवस काढून बघावेत. अंधाराला रंग नसतो, वास असतो. ओव्याचा, शेपांचा, लसणीच्या सालांचा, आंबट दुधाचा, आणि खाटेखालच्या शेगडीत धुमसणाऱ्या गोवरीचा.

म्हसळ्याच्या खाडीकाठच्या त्या घरात रंगूला हा वास पाठ होता. दोन वर्षांमागे याच खोलीत, याच खाटेवर तिने पहिली मुलगी जन्माला घातली होती. ती बारशाच्या आतच गेली. बिननावाची गेली. आता दुसरी झाली होती, तीही मुलगीच, आणि सुपात जुनेर घालून तिला निजवली होती. रंगूचं सगळं लक्ष त्या सुपात. ही बारशापर्यंत पोचली पाहिजे. दुसरं काही तिला देवाकडे मागायचं नव्हतं.

माहेर तळा गावचं, पण आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरी. नवरा येसाजी मुंबईला गोदीत, शिमग्याला तोंड दाखवणार. घरात ती आणि सासू आवडाबाई. स्वराज्य येऊन आठेक वर्षं झाली होती, पण ते अजून या खोलीपर्यंत पोचलं नव्हतं. खोलीला खिडकी होती, एकच, खाडीच्या अंगाला. तिची फळ्यांची दोन दारं आतून लावलेली, आडवा अडसर, अडसराला काथ्याचे वेढे, आणि फटी शेणाने लिंपलेल्या. "ओल्या बाळंतिणीला वारा बाधतो," असं आवडाबाई म्हणे. उजेडाने काय होतं, ते कोणी सांगत नसे.

रंगूच्या उशाला कोयता होता. लोखंड असलं की वाईट जवळ येत नाही, म्हणून आवडाबाईनेच ठेवलेला. पहिल्या खेपेलाही ठेवला होता.

२

खिडकीच्या फळीतली एक गाठ वाळून गळून पडली होती. तुरीच्या दाण्याएवढं भोक. आवडाबाईच्या डोळ्यांना ते दिसलं नाही, आणि रंगूने दाखवलं नाही. तेवढीच आपली चैन.

सकाळी ऊन घराच्या मागून वर चढलं आणि खाडीकडची बाजू उजळली, की त्या भोकातून उजेड यायचा आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर सांडायचा. नुसता कवडसा नव्हे. पहिल्यांदा तिला वाटलं, भिंतीला ओल आली. मग ती ओल हलली. मग तिच्यात निळं दिसलं, हिरवं दिसलं. बघता बघता भिंतीवर सगळं बाहेरचं जग उभं राहिलं, आणि तेही उलटं. आभाळ खाली, जमीन वर. अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडचा वाकडा माड वरून खाली लोंबत होता. खाडी त्याच्या मागे टांगलेली, आणि तिच्यात एक मचवा शीड खाली सोडून चालला होता.

रंगू घाबरली नाही. तिने उठून भोकावर अंगठा धरला, जग गेलं. अंगठा काढला, जग आलं. म्हणजे भोकाचं काम आहे, भुताचं नव्हे. का होतं ते तिला ठाऊक नव्हतं. पण चुलीवर भात का शिजतो हे तरी कुठे ठाऊक होतं? शिजतो तेवढं पुरे.

त्यापुढे तिच्या सकाळी मजेत जाऊ लागल्या. बंदराकडे जाणारी माणसं भिंतीवरून वटवाघळांसारखी डोकं खाली करून जायची. कोण कुठली ते ती चालीवरून ओळखायची. डोक्यावर भाताचे भारे घेतलेल्या बाया दिसल्या, की भारे खाली आणि बाया त्यांच्यावर पाय वर करून चालताहेत असं दिसे. तिला हसू यायचं आणि हसताना पोटात कळ यायची.

३

त्या सकाळी ती असाच रस्ता बघत होती. दोन माणसं गेली, उलटी. एक म्हैस गेली, उलटी. आणि माडापाशी एक बाई उभी होती.

रंगूची नजर तिच्यावरून पुढे गेली आणि परत आली. काहीतरी चुकत होतं. काय ते लगेच कळेना. एखाद्या घरात शिरल्यावर कळत नाही की कसला आवाज थांबलाय, तसं. मग कळलं.

ती बाई सरळ उभी होती.

माड उलटा, गडगा उलटा, खाडी उलटी, आणि तिचं डोकं वर, पाय खाली. पाय आभाळाकडे होते आणि डोकं मातीत रुतल्यासारखं जमिनीला टेकलेलं. लुगड्याचा रंग नव्हता. तोंड दिसत नव्हतं. सगळी फिकी, पावसाळ्यात रानात कुजकं लाकूड अंधारात उजळतं ना, तसल्या उजेडाची. बाकीचं जग उन्हात असल्यासारखं दिसत होतं. ती नव्हती उन्हात.

रंगूने डोळे चोळले. धूर डोक्यात गेला असेल. अंगावरून रक्त गेलंय, पोटात भाताची पेज तेवढी. अशा बाईला काय वाटेल ते दिसेल. असं तिने स्वतःला बजावलं, आणि बजावून झाल्यावर सुपाकडे वळली.

पोर जागी होती. रडत नव्हती. तिची मान भिंतीकडे वळली होती, आणि डोळे एका जागी लागले होते.

पहिलीही अशीच बघायची. रडायची थांबायची आणि भिंतीकडे बघायची. तेव्हा आवडाबाई म्हणाली होती, "गुणाची हाय पोरगी, गप ऱ्हाते." गप राहून राहून एक दिवस ती कायमची गप झाली.

४

दुसऱ्या सकाळी ती बाई गडग्याच्या आत होती.

न्हाऊ-माखू घालायला येणारी सुईण कोकिळा तोंडाने फटकळ आणि हाताने मऊ. ती तेल लावत असताना रंगूने तिला धरलं.

"काकी, माझं एक काम करशील? अंगणात जा आणि खिडकीच्या समोर उभी ऱ्हा. गडग्याच्या अलीकडं. हात वर कर."

"का गो? माझी आरती करतेस?"

"कर म्हणते ना."

"बाळंतिणीचे डोहाळे नवेच ऐकते मी!" असं म्हणत कोकिळा गेली. रंगू भिंतीकडे बघत बसली. जरा वेळाने कोकिळा आली, डोकं खाली, पाय वर, आणि हात खाली सोडून हलवू लागली. तिच्या अगदी शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ, ती दुसरी सरळ उभी होती. कोकिळेच्या पायांशी तिचं डोकं.

रंगू खिडकीशी तोंड नेऊन ओरडली, "काकी, तुझ्या बाजूला कोन हाय?"

"माझ्या बाजूला? कोंबडी हाय. आनि कोन असनार?"

"डाव्या अंगाला बघ!"

"न्हाय गो कुनी! उनात उभी करून माझी मस्करी करतेस व्हय?"

कोकिळा निघून गेली. भिंतीवरची ती गेली नाही. उलट ती मोठी झाली, जशी माणसं जवळ आली की मोठी होतात. मात्र तिने पाऊल टाकलेलं रंगूला दिसलं नव्हतं. पाऊल न टाकता ती जवळ आली होती.

कोकिळा आत आली तेव्हा हात पुसत पुटपुटली, "तुझ्या अंगनात उन असून थंडी कशी गो वाजते?"

५

रंगूने ठरवलं, आता लपवायचं नाही. दुपारी आवडाबाई पेज घेऊन आली तेव्हा तिने सगळं सांगितलं. भोक दाखवलं. उलटं जग दाखवलं. तोवर ऊन डोक्यावर येऊन चित्र फिकं पडलं होतं, आणि त्या फिक्यात ती एकटी स्पष्ट होती. खिडकीला भिडलेली. भिंतीवर पुरुषभर उंच.

"दिसते का तुमाला, आत्याबाई?"

आवडाबाईने भिंतीकडे बघितलंच नाही. तिचा हात पेजेच्या वाडग्यावर थांबला होता.

"सरळ हाय का उलटी?" तिने विचारलं.

एवढा नेमका प्रश्न, न बघता.

"सरळ."

"मग भिंतीला पाठ करून नीज. पोरीचं तोंड पदरात घे. मी तेच करायची."

"तुमाला ठाव होतं?"

"ठाव असून काय करायचं? बायांनी बघायचं नसतं. बघितलं न्हाय म्हंजे न्हाय."

"तुमची किती गेली, आत्याबाई?"

म्हातारी शेगडीतली राख उकरू लागली.

"किती गेली?"

"तीन," आवडाबाई म्हणाली. "येसाजी तेवढा वाचला."

"तो याच खोलीत झाला?"

"न्हाय. त्या साली घर शाकारायला काढलं होतं. कौलं उतरवली व्हती. गोठ्यात झाला तो, गुरांत. बारा दिवस उघड्यावर. लोक शेन घालत व्हते तोंडात माझ्या."

एवढं बोलून ती उठली. तिच्या लेखी बोलणं संपलं. बाहेरून मूठभर शेण आणि चिंधी घेऊन आली, आणि रंगू नको नको म्हणत असताना तिने भोक गच्च बुजवलं.

"गेली बघ," म्हणाली. "आता नीज." आणि दार ओढून घेऊन गेली.

दोन पिढ्या त्या घरातल्या बायांनी हेच केलं होतं. काही दिसलं की आणखी अंधार करायचा.

६

माड गेला. खाडी गेली. गडगा, रस्ता, आभाळ, सगळं विझलं.

ती विझली नाही.

काळ्याभोर भिंतीवर ती सरळ उभी होती आणि आता कुठे नीट दिसत होती, वातीवरची काजळी काढल्यावर दिवा दिसतो तशी. भोकातून ती येतच नव्हती. बाहेर होतीच कुठे ती? बाहेरचं जग भिंतीवर पडत होतं, आणि ही भिंतीपाशी उभी राहून त्या जगातून वाट काढत होती. ऊन होतं तोवर तिला चोरासारखं हळूहळू यावं लागत होतं. आता वाट मोकळी झाली.

रंगूने खाटेवरून पाय खाली घेतले. हे अशक्तपण आहे, धूर आहे, तिने पुन्हा म्हणून बघितलं. अशक्तपण असेलही. पण अशक्तपणाला आवाज नसतो. भिंतीकडून आवाज येत होता, कोरडा, सूप पाखडल्यासारखा. आणि खोलीत सूप एकच होतं.

तिने सुपाकडे बघितलं. पोर हसत होती. दात नाहीत, ओळख नाही, अशी ती पोर भिंतीकडे बघून हसत होती, आणि त्या फिक्या उजेडात रंगूला तिचं हसू दिसत होतं. म्हणजे तो उजेड सुपापर्यंत आला होता.

मग रंगूला भीती वाटायची थांबली. राग आला. असा राग, जो पहिल्या मुलीच्या वेळी यायला हवा होता आणि रडण्यात वाहून गेला होता. सासूचा आला, सासूच्या सासूचा आला, वाऱ्याला भिणाऱ्या आणि अंधाराला न भिणाऱ्या सगळ्या शहाण्या गावाचा आला.

उशाखालचा कोयता तिने ओढून काढला.

"हा काय नुसता उशाला घ्यायला दिलाय व्हय?" ती मोठ्याने म्हणाली. कोणाला म्हणाली, तिचं तिला माहीत.

ती भिंतीच्या अंगावर गेली नाही. तिने भिंतीला पाठ केली. सासूने सांगितलं होतं तशीच, पण निजायला नव्हे. अंधारात चाचपत खिडकी गाठली आणि काथ्यावर घाव घातला. एक वेढा तुटला. मानेवर गार काहीतरी टेकलं, ओल्या केसांच्या टोकासारखं. तिने मागे बघितलं नाही. दुसरा घाव. पोटात कळ उठली, पायावरून ऊन ऊन ओघळ गेला. तिसऱ्या घावाला अडसर सुटून पडला. तिने कोयत्याचं नाक फळ्यांच्या फटीत घातलं, सगळं अंग टाकलं, आणि शेणाच्या खपल्या उडवत दोन्ही दारं बाहेरच्या अंगाला उघडली.

तिसऱ्या प्रहरचं ऊन. खाडीवरून आडवं, दोन वर्षं दाराशी तिष्ठत असल्यासारखं आत घुसलं. रंगूचे डोळे मिटले. मागे भिंतीपाशी कोणीतरी श्वास आत ओढला.

पोर रडली. खणखणीत, ओठ उलटे करून, टाहो फोडून रडली. रंगूने डोळे न उघडता सूप उचललं.

७

"अगो रांडे, ओली बाळंतीण तू, उनात कुठं चाललीस!" आवडाबाई अंगणात आडवी आली. "पोरगी मारशील!"

"आत ठेवून किती वाचवल्यात तुमी?" रंगू म्हणाली. "व्हा बाजूला. आजपास्नं मी हितं निजनार, हितं बसनार, आनि कोन काय बोलेल ते मी ऐकनार. तुमी न्हाय."

बोलाबोली ऐकून शेजारची महेरुन्निसाबी गडग्याशी आली. तिच्या नवऱ्याचा मचवा होता, कौलांचा व्यापार होता, आणि कुणाच्या भांडणात बोलायचं नाही असा तिचा नेम होता. रंगूच्या पायावरचं रक्त बघून तिने तो मोडला.

"आवडाबाय, बसू दे गो तिला. उनानं कोन मेलंय का आजवर? बच्ची कशी रडतेय बघ, अल्ला! असं रडनारं पोर जगतं." आणि तिने आपल्या पडवीतली बाज ओढत आणली.

रंगू बाजेवर बसली. पोरीचं अंग उन्हात धरलं. पहिल्यांदाच तिला तिचा रंग दिसला, डोक्यावरचं भुरं जावळ दिसलं, कानामागचा तीळ दिसला. आईने पोर बघायची, तर इतका आटापिटा.

मग तिने मान वर करून खिडकीकडे बघितलं.

ऊन खोलीत शिरून समोरच्या भिंतीवर छातीइतकं चढलं होतं. खाट उजेडात, शेगडी उजेडात, चुना नुसता झळाळत होता. भिंतीवर कोणी नव्हतं. वर मात्र, आढ्याखाली, जिथे ऊन पोचत नव्हतं, तिथे वाशांच्या मधे अंधार साठून राहिला होता. त्या अंधाराला पायांचे दोन तळवे चिकटले होते. खाली केस लोंबत होते, लांब, आणि त्यांची टोकं उन्हाच्या काठाला लागली की वर ओढली जात होती.

इतके दिवस सगळं जग उलटं आणि ती एकटी सरळ. आता सगळं जग सरळ, आणि ती एकटी उलटी.

रंगूने नजर काढली नाही. पोरीला दोन्ही हातांनी उचलून खिडकीसमोर धरलं.

"हिचं नाव सगुणा," ती ओरडली. "ऐकलंस? बारशाला थांबनार न्हाय मी. सगुणा! आनि आधीची, ती गिरिजा. तिला बी नाव हाय!"

आवडाबाईने खिडकीकडे बघितलं. म्हातारीने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. काय दिसलं ते ती कधी बोलली नाही, पण खाली बसली, आणि रंगूच्या पायावरचं रक्त आपल्या पदराने पुसू लागली.

८

सगुणेचं बारसं अंगणात झालं. गावाने नावं ठेवली, मग जेवून गेलं.

येसाजी शिमग्याला आला तेव्हा रंगूने त्याला शिडी लावायला लावली. महेरुन्निसाबीच्या घरून काचेची कौलं आली. लोक घराला एक बसवतात, रंगूने त्या एका खोलीवर ओळीने बसवली. येसाजी म्हणाला, "घर हाय का दुकान?" तरी बसवली त्याने. खिडकीची दारं रंगूने फोडून न्हाणीच्या चुलीत घातली. खोलीत भाताच्या कणग्या आल्या, दिवसभर तिथे चिमण्या शिरू लागल्या.

वाशांच्या सांध्यात एक कोपरा मात्र राहिला. काच बसवली तरी उजेड तिथे वळत नव्हता. हातभर काळोख. रंगूने त्यावर उपाय काढला. रोज दुपारी अंगणातलं ऊन आरशात धरायचं आणि खिडकीतून त्या कोपऱ्यावर मारायचं. भाकरी करावी, गुरं सोडावी, तसं हे एक काम. जराही हात न हलवता ती तो कवडसा तिथे रोखून धरायची. आवडाबाई शेजारी बसून शेंगा सोलायची आणि म्हणायची, "अजून जरा डावीकडं घे."

सगुणा तीन वर्षांची झाली. एका दुपारी रंगूचा हात पिठात होता, तेव्हा पोरीने आरसा स्वतःच उचलला, अंगणात पाय रोवून उभी राहिली आणि ऊन नेमकं त्या कोपऱ्यात मारलं. कोणी शिकवलं नव्हतं. रंगू पिठाच्या हातांनी धावत आली.

"आये," सगुणा हसत म्हणाली, "ती डोळे मिटते बघ."

रंगूने खिडकीकडे बघितलं. मग पोरीच्या मागे गुडघ्यावर बसली आणि पिठाच्या हातांनी तिचे दोन्ही कोपर खालून धरले, आरसा डगमगू नये म्हणून.

"मिटू दे," ती म्हणाली. "तू नको मिटूस."